अनोळखी वाट, संकोचलेला चालक आणि आपला धीर

रस्ता सर्वांचा असतो, हे आपण शाळेत असतानाच नागरिकशास्त्रात शिकतो. प्रत्यक्षात मात्र ज्याला रस्ता ठाऊक आहे तो स्वतःला त्याचा मालक समजतो आणि ज्याला तो ठाऊक नाही त्याला आगंतुक ठरवतो. नाताळ, उन्हाळ्याची सुटी, लग्नसराई किंवा गावच्या सणाचे दिवस आले की आपल्या गावांच्या नाक्यांवर बाहेरगावच्या गाड्या दिसू लागतात. त्यांपैकी एखादी गाडी तिठ्यावर येऊन थबकते. डावीकडे वळावे की उजवीकडे, हे चालकाला उमगत नाही. क्षणभर तो थांबतो आणि तेवढ्यात मागून भोंग्यांचा गजर सुरू होतो. कोणी काच खाली करून टोमणा मारतो, तर कोणी दोन बोटांच्या अंतरावरून गाडी पुढे काढतो. हे सारे तीन-चार सेकंदांत घडते; पण त्या तीन-चार सेकंदांत एखाद्याच्या जिवाचे बरेवाईट होऊ शकते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. हे सर्व अपघात उतावळेपणामुळेच झाले, असे म्हणता येणार नाही. तथापि ज्या रस्त्यांवर इतकी माणसे दर वर्षी प्राण गमावतात, त्या रस्त्यांवर आपला स्वभाव कसा असावा, हा विचार प्रत्येकाने करावा असाच आहे.

चालक का संकोचतो?

रोजच्या रस्त्यावर गाडी चालवताना आपले अर्धे काम सवय करीत असते. कोठे खड्डा आहे, कोणत्या वळणावर शाळेची मुले रस्ता ओलांडतात, कोठे गतिरोधकाचा पांढरा पट्टा पुसला गेला आहे, हे आपल्या हातापायांनाच माहीत असते. अनोळखी रस्त्यावर ही मदत नाहीशी होते. तेथे चालकाला फलक वाचावे लागतात, मार्गदर्शक नकाशाचा आवाज ऐकावा लागतो, आरशात पाहावे लागते, पुढचे वळण जोखावे लागते आणि हे सारे एकाच वेळी करावे लागते. अशा वेळी वेग कमी करणे हा मूर्खपणा नसून शहाणपणा आहे.

रस्त्यांची आखणी करणाऱ्या अभियंत्यांनीही मानवी मनाची ही मर्यादा ओळखलेली आहे. भारतातील महामार्गांची रचना करताना, धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाला २.५ सेकंद लागतील असे गृहीत धरले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे ४२ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजेच पुढचा चालक अचानक थबकला आणि आपण त्याच्या पाठीला चिकटून चाललो असलो, तर आपली प्रतिक्रिया कितीही चपळ असली तरी टक्कर टळणे कठीण असते. दोष कोणाचा, हा वाद नंतर चालेल. इजा मात्र दोघांनाही होईल.

परदेशातून सुटीवर आलेल्या आपल्या बांधवांची अडचण याहून वेगळी असते. वसई, गोवा आणि सिंधुदुर्गातील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, तर आपल्याकडे डाव्या. दहा-बारा वर्षे एका बाजूने गाडी चालवलेल्या माणसाला गावी येताच चौकात क्षणभर विचार करावा लागतो. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत वळणाचा दिवा लावण्याची दांडी उजव्या हाताला असते. तेथील सवयीने त्याचा डावा हात पुढे सरतो आणि दिव्याऐवजी काच पुसणारे वायपर फिरू लागतात. मागच्याला ते हास्यास्पद वाटते. परंतु गाडीत बसलेल्याला घाम फुटलेला असतो.

घाटातील एक संध्याकाळ

या संदर्भात स्वतःचा एक अनुभव सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मामीच्या निधनाची वार्ता आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सावंतवाडीला दफनविधी होता. एरव्ही लांबच्या प्रवासाला थोरला भाऊ गाडी चालवीत असे. त्या वेळी तो तापाने अंथरुणाला खिळला होता. माझ्याकडे आठ वर्षांपासून परवाना होता, पण घाटात मी कधीच गाडी चालवली नव्हती. आईला घेऊन मी निघालो. पोलादपूर सोडून कशेडी घाटाला लागलो तेव्हा अंधारून आले होते आणि पावसाने काचेपलीकडचे काही दिसू देईना.

माझ्या मागे गाड्यांची रांग लागली. भोंगे वाजू लागले. प्रवाशांनी भरलेली एक गाडी वळणावरच मला ओलांडून गेली. जाताना चालकाने काहीतरी ओरडून सांगितले. माझा पाय थरथरला, क्लच सुटला आणि चढावरच गाडी बंद पडली. हँडब्रेक ओढेपर्यंत ती हातभर मागे घसरली. आईने जपमाळ हातात घेतली होती. ती एक शब्दही बोलली नाही.

मागे मासळीचा एक टेम्पो होता. तो माझ्या गाडीला खेटून उभा असता तर टक्कर अटळ होती. पण त्याच्या चालकाने बरेच अंतर ठेवले होते. त्याने आपले चारही इशारादिवे लावले, समोरचे झगझगीत दिवे मंद केले आणि तो शांतपणे थांबला. त्याच्यामुळे मागची सारी रांगही थांबली. मी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली. त्यानंतर संपूर्ण घाट उतरेपर्यंत तो टेम्पो तेच अंतर राखून माझ्या मागे येत राहिला. मासळी नाशवंत, त्याला माझ्यापेक्षा कितीतरी अधिक घाई असणार. भरणे नाक्यावर रस्ता रुंद झाला तेव्हा त्याने एकदाच हलका भोंगा दिला आणि तो पुढे निघून गेला. आम्हाला त्याचा चेहराही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दफनभूमीत मामीसाठी प्रार्थना झाल्यावर आई हळूच म्हणाली, "त्या टेम्पोवाल्यासाठीही एक 'नमो मारिया' म्हण."

तेव्हापासून पुढची गाडी हळू चालली की मला त्या संध्याकाळची आठवण होते. त्या गाडीत कोण बसले आहे आणि ते कशासाठी निघाले आहेत, हे आपल्याला ठाऊक नसते. रुग्णालयाकडे निघालेला मुलगा, नवी नोकरी शोधणारी तरुणी, दफनविधीला निघालेले कुटुंब, यांपैकी कोणीही तेथे असू शकते.

कायदा काय सांगतो?

सौजन्य ही केवळ मर्जीची गोष्ट नाही. त्याचा काही भाग कायद्यानेच आपल्यावर सोपवला आहे. शिकाऊ चालकाच्या वाहनावर पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात 'एल' हे अक्षर लावावे लागते. ते अक्षर चालकाची फजिती करण्यासाठी नसून इतरांनी सांभाळून घ्यावे म्हणून असते. घाटातील अरुंद रस्त्यावर दोन वाहने समोरासमोर आली, तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला वाट द्यावी, असे २०१७ सालचे वाहनचालनविषयक विनियम सांगतात. चढावर थांबून पुन्हा निघणे अधिक अवघड असते, हे त्यामागचे साधे कारण आहे.

भोंग्याबाबतही तसेच. तो धोक्याची सूचना देण्यासाठी आहे, राग व्यक्त करण्यासाठी नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार विनाकारण किंवा सतत भोंगा वाजवणाऱ्यास पहिल्या वेळी १,००० रुपये आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड होऊ शकतो. मालवाहू गाड्यांच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' असे लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ साली मनाई करण्यात आली, तीही अनावश्यक भोंग्यांना आळा बसावा म्हणूनच.

जपानने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. तेथे १९७२ पासून नवशिक्या चालकांसाठी पिवळ्या-हिरव्या रंगाची, कोवळ्या पानासारखी दिसणारी एक खूण आहे. परवाना मिळाल्यानंतर पहिले वर्षभर ती गाडीवर लावावी लागते. विशेष म्हणजे अशी खूण असलेल्या गाडीला खेटणे किंवा तिच्यापुढे एकाएकी घुसणे हा इतर चालकांसाठी गुन्हा ठरतो. आपल्याकडे पक्का परवाना मिळालेल्या नव्या चालकासाठी अशी कोणतीही बंधनकारक खूण नाही. म्हणून ती खूण आपल्यालाच त्याच्या चालण्यातून ओळखावी लागते.

जेव्हा सारा देश संकोचला

३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता स्वीडन देशाने आपली संपूर्ण वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला नेली. एका रात्रीत देशातील प्रत्येक चालकासाठी ओळखीचे रस्ते अनोळखी झाले. अनर्थ होईल अशी भीती अनेकांना वाटत होती. घडले उलटेच. प्रत्येकजण सावकाश चालू लागला, प्रत्येकाने दुसऱ्याच्या चुकीसाठी जागा ठेवली आणि अपघात काही काळ कमी झाले. पुढे सवय झाली, आत्मविश्वास परतला आणि अपघातांचे प्रमाणही पूर्वपदावर आले. यातून एक गोष्ट उमगते. धोका अनोळखी रस्त्यात जितका असतो, त्याहून अधिक तो 'मला सारे येते' या भावनेत असतो.

ख्रिस्तसभेची शिकवण

रस्त्यावरील वर्तनाचा श्रद्धेशी काय संबंध, असा प्रश्न काहीजण विचारतील. पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या कारकिर्दीत, जून २००७ मध्ये, स्थलांतरित व प्रवासी यांच्या आध्यात्मिक सेवेसाठी असलेल्या व्हॅटिकनच्या परिषदेने रस्त्यावरील जीवनाविषयी एक मार्गदर्शक पत्रक प्रसिद्ध केले. कार्डिनल रेनातो मार्तिनो हे त्या वेळी परिषदेचे अध्यक्ष होते. चालकांसाठीच्या 'दहा आज्ञा' त्यात असल्याने जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. हत्या न करण्याची आज्ञा त्यात पहिली आहे. रस्ता माणसांना जोडणारा असावा, प्राणघातक नसावा, असे पुढे म्हटले आहे. सौजन्य, सचोटी आणि विवेक यांच्या बळावर अनपेक्षित प्रसंगांना तोंड द्यावे, वाहनाला सत्ता गाजवण्याचे साधन करू नये आणि रस्त्यावर जो दुबळा आहे त्याचे रक्षण करावे, असाही त्यातील आज्ञांचा आशय आहे. चाकामागे बसताच सुसंस्कृत माणूसही कधी कधी शिवीगाळ आणि असभ्य हावभाव करू लागतो, ही वस्तुस्थिती त्या पत्रकाने आडपडदा न ठेवता नोंदवली आहे.

दुबळा म्हणजे केवळ पादचारी किंवा सायकलस्वार नव्हे. ज्याला रस्ता ठाऊक नाही, तोही त्या घडीपुरता दुबळाच असतो. इस्राएली लोकांना परक्यांशी दयेने वागण्यास सांगताना, तुम्हीही एकेकाळी मिसर देशात परके होता, याची आठवण जुना करार वारंवार करून देतो. आज आपल्या गावच्या नाक्यावर गोंधळलेला चालक उभा आहे. उद्या ओल्ड गोव्याला किंवा वेलांकणीला जाताना त्याच जागी आपण असू.

आपण काय करू शकतो?

पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश मोजावे आणि दोन सेकंद होण्याआधी आपण त्या खांबाशी पोहोचू नये. पाऊस असेल तर हे अंतर दुप्पट करावे. चढावर त्याहूनही अधिक जागा सोडावी, कारण पुढची गाडी मागे घसरू शकते. रात्री मागून दिवे मंद ठेवावेत. ओलांडायचेच असेल तर समोरचा रस्ता स्पष्ट दिसेपर्यंत थांबावे. कोणी पत्ता विचारला तर 'सरळ जा' एवढ्यावर न थांबता एखादी ठळक खूण सांगावी. आपल्या शेजारी मुले बसलेली असतील तर ती आपली भाषा ऐकत आहेत, याचेही भान ठेवावे.

संकोचणाऱ्या चालकाचीही काही कर्तव्ये आहेत. धीराची अपेक्षा करणाऱ्याने इतरांना धोक्यात घालू नये. वाट चुकल्यास रस्त्याच्या मधोमध थांबू नये; इशारा देऊन डाव्या बाजूला सुरक्षित जागा गाठावी आणि मगच नकाशा पाहावा. द्रुतगती मार्गावर आपले वळण मागे राहिले तर कदापि गाडी मागे घेऊ नये. पुढच्या वळणावरून परत यावे. मागे रांग लागली असेल तर योग्य जागा मिळताच बाजूला होऊन इतरांना जाऊ द्यावे. नकाशा पाहण्याचे काम सोबतच्या प्रवाशावर सोपवावे.

थांबल्यामुळे आपला अर्धा मिनिट जातो. त्या अर्ध्या मिनिटात पुढच्याचा श्वास स्थिरावतो, हात सावरतो आणि तो सुखरूप आपल्या वाटेला लागतो. बहुधा तो आपले आभार मानणार नाही. आपला चेहराही त्याला दिसणार नाही. पण कोणत्यातरी घरी त्या रात्री दार उघडले जाईल आणि सारेजण पोहोचले म्हणून कोणाचीतरी आई परमेश्वराचे आभार मानील. येत्या सुटीत बाहेरगावची एखादी गाडी आपल्या नाक्यावर थबकली, तर भोंग्यावरचा हात क्षणभर मागे घ्या.