पाकिटातला फेस आणि पहिला रोजा

बीडच्या बशीरगंज भागातल्या एका दोन खोल्यांच्या घरात रमजानचे चौथे रोजे सुरू असताना एक प्रश्न उभा राहिला. घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला यंदा पूर्ण रोजा ठेवायचा होता. मागच्या वर्षी तिने दुपारपर्यंतचा ‘चिडी रोजा’ ठेवला होता. लहान मुलांची हौस भागावी म्हणून मोठ्यांनी काढलेली ही पळवाट. यंदा मात्र ती ऐकायला तयार नव्हती. उर्दू शाळेत तिच्या वर्गातल्या तीन मुलींचे रोजे झाले होते, आणि त्यांच्या रोजाकुशाईच्या गोष्टी वर्गात रोज रंगत होत्या.

वयात येईपर्यंत मुलांवर रोजा फर्ज नाही. तरीही मुलाने पहिला पूर्ण रोजा ठेवला की मुस्लिम घरांत तो दिवस छोट्या सणासारखा होतो. मुलाला नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, इफ्तारला नातेवाईक आणि शेजारीपाजारी, मशिदीत इफ्तारीचे ताट. यालाच रोजाकुशाई म्हणतात, बोलीत रोजा-रखाई. पूर्वी खजूर, भजी आणि गुलगुल्यांवर भागणारा हा प्रसंग अलीकडे काही घरांत मंडप, बिर्याणीची देग आणि छापील निमंत्रणापर्यंत गेला आहे. ज्यांना परवडते ते करतात. ज्यांना परवडत नाही तेही करतात, आणि ईदनंतर हप्ते फेडत बसतात.

या घरातले वडील दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजवर कामाला, आई घरी पिको-फॉल आणि शिलाई करते. ईदचे कपडे शिवायला आलेले, त्यामुळे रमजान हा तिचा कमाईचा महिना. पण त्या कमाईवर आधीच शाळेची फी, फित्रा आणि दादीच्या शुगरच्या गोळ्या यांची नावे लिहिलेली. वडिलांनी गॅरेजमालकाकडून पाच हजार उचल घेण्याचा विषय काढला. आईने मान हलवली. “रोजा अल्लाह के वास्ते है. करज काढून कायकू?” दादीला मात्र दुसरी चिंता. “लोगां क्या बोलेंगे, दुल्हन? पहिली पोती है.”

मुलीची मागणी वेगळीच होती. तिला ना बिर्याणी हवी होती, ना मंडप. मोबाइलवर तिने पाहिले होते, पाकिटातली पावडर दुधात टाकून फेटली की ढगासारखी फुगते आणि गुलाबी पेल्यात डोंगर उभा राहतो. “अम्मी, मेरे रोजे कू वो ढगवाला मीठा.”

बाजारातल्या एका दुकानात ते पाकीट मिळाले. पंचेचाळीस रुपये. पाव लिटर थंड दूध घाला, पाच मिनिटे फेटा, तयार.

पाकीट हातात घेतल्यावर या घरात पहिला प्रश्न चवीचा नसतो, तो ‘यात काय आहे’ हा असतो. अशा गोड पदार्थांना घट्टपणा देण्यासाठी काही ठिकाणी जिलेटिन वापरतात, आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. ते कोणत्या जनावराचे आणि कसे कापलेले, हे पाकिटावर कळत नाही. आईने पाकीट उलटेसुलटे करून चौकोनातला हिरवा ठिपका शोधला. आपल्याकडच्या नियमानुसार दूध, दुधाचे पदार्थ आणि मधासारखे मोजके अपवाद सोडून प्राण्यापासून आलेले काहीही असेल तर हिरवा ठिपका लावता येत नाही. त्यामुळे ही खूण जशी शाकाहारी ग्राहकाच्या कामाची, तशीच ती जिलेटिनला बिचकणाऱ्या मुस्लिम गृहिणीच्याही कामाची. घट्टपणासाठी दुसरा जुना आणि निर्धास्त पर्याय म्हणजे चायना ग्रास. ते समुद्री शेवाळापासून बनते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रामेश्वरमच्या बाजूला बायका समुद्रात उतरून हे शेवाळ काढतात, आणि त्याच चायना ग्रासचे पुडिंग बीडमध्ये कित्येक घरांत इफ्तारला असते.

घटकांच्या यादीतले पहिले नाव साखरेचे होते. यादीत जे सर्वांत जास्त ते आधी लिहावे लागते. म्हणजे पाकिटात काहीही जादू असली तरी मुळात ती साखर. त्यामागे वनस्पती तेलाची चरबी, स्टार्च, दुधातले प्रथिन, रंग, वास आणि तेल-पाण्याचे जमवून देणारे पदार्थ. ही चरबी म्हणजे जमवलेले तेल. त्यातल्या घातक ट्रान्स फॅटवर सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ‘रोज खाण्याची चीज नाही,’ एवढे आईच्या लक्षात आले. तिने ठरवले, आधी एका पाकिटावर करून बघायचे. पाहुण्यांसमोर फजिती नको.

पहिला प्रयोग दुपारी तीनला झाला आणि फसला. मिक्सरच्या भांड्यात दूध आणि पावडर घालून फिरवले. वर चार बुडबुडे आले, खाली गुलाबी पाणी. आणखी फिरवले, ते आणखी पातळ झाले. आई रोजाने होती, चाखणे शक्य नव्हते. चाखण्याचे काम रोजा नसलेल्या पाच वर्षांच्या धाकट्या भावाकडे आले. त्याने बोट चाटून निकाल दिला, “सरबत है.” मुलीचे डोळे भरून आले. पंचेचाळीस रुपये गेले ते वेगळेच.

दादी पलंगावर बसून तसबीह फिरवत होती. तिने एकच प्रश्न विचारला. “दूध कायका लिया?” सकाळी तापवलेले आणि ओट्यावर निवलेले, सुनेने सांगितले. दादी हसली. “दुपार के वक्त कभी लोणी निकलता क्या?”

दादीचे माहेर गेवराई तालुक्यातले. घरी दोन म्हशी होत्या. उन्हाळ्यात ताक करायचे ते पहाटे, फजरच्या आधी, हवा गार असताना. ऊन चढले की कितीही घुसळा, लोणी गोळा होत नाही, त्याचा तेलकट तवंग होतो. दादीला पाकिटातला एकही शब्द वाचता येत नव्हता, पण नेमके तिने सांगितले तेच त्या पावडरीचे मर्म होते. फेटताना दुधात हवा शिरते. चरबीचे बारीक कण त्या हवेच्या बुडबुड्यांभोवती चिकटून एकमेकांना धरतात आणि भिंत उभी करतात. चरबी गार आणि टणक असेल तरच ती भिंत उभी राहते. कोमट झाली की विरघळते आणि बुडबुडा फुटतो. मिक्सरचे पाते तर बुडबुडे कापते आणि वरून भांडे गरम करते.

आणखी एक गोष्ट पाकीट छापणाऱ्याने गृहीत धरलेली होती. ‘थंड दूध’ म्हणजे त्याच्या लेखी फ्रिजमधून काढलेले दूध. आपल्याकडे दूध आले की आधी तापवतात. तापवलेले दूध ओट्यावर निवते, पण मार्चच्या बीडमध्ये निवून निवून किती निवणार? ते साय गाळून चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवले तरच कामाचे.

पावडरीचा हा खटाटोप जगाला नवा नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडे चालत नव्हते, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये अंड्याविना कस्टर्डची पावडर बनवली. त्याच बर्ड्सच्या नावाने १९६७ मध्ये ‘एंजल डिलाइट’ हे थंड दुधात फेटायचे पाकीट आले आणि मलई न परवडणाऱ्या घरांतही जेवणानंतरचा मऊ गोड पेला पोचला. आपल्याकडे १९५६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वीकफिल्डची कस्टर्ड पावडर मराठवाड्यातल्या किराणा दुकानापर्यंत आली. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत असलेल्या या भागात डबल का मीठा आणि खुबानी का मीठा ही हैदराबादी परंपरा. तिच्या शेजारी इफ्तारच्या दस्तरखानावर फळे घातलेले पिवळे कस्टर्ड कधी येऊन बसले, ते कोणाला कळलेही नाही.

फेसाळ मिठाई तर आपल्या देशात पावडरीच्याही आधीची. लखनौचा निमिश, बनारसचा मलइयो, दिल्लीची दौलत की चाट ही सगळी दुधाच्या फेसाची मिठाई. ती फक्त थंडीत होते. दूध रात्री उघड्या गारव्यात ठेवतात आणि पहाटे घुसळून फेस काढतात. ऊन वर आले की मिठाई बसते. तिथल्या हलवायालाही तेच माहीत होते जे गेवराईच्या दादीला.

दुसरा प्रयोग दोन दिवसांनी झाला. शेजारच्या काकूंकडून लाकडी रवी आली. “घे गं, आमच्या सासूबाईंची आहे, धुऊन दे म्हणजे झालं,” म्हणत काकू स्वतःच बघायला थांबल्या. परातीत वीस रुपयांचा बर्फ फोडला, त्यावर मूठभर जाडे मीठ टाकले. मिठाने बर्फ लवकर वितळतो आणि वितळताना गारवा आणखी खाली नेतो. मटका कुल्फीवाला हेच करतो. त्यात स्टीलचे उभे पातेले, पातेल्यात फ्रिजचे दूध आणि पावडर. रवी दोन तळव्यांत धरून काकूंनी आणि आईने आळीपाळीने घुसळले. पाच मिनिटांत काही झाले नाही. आठव्या मिनिटाला दूध जड झाले, दहाव्याला रवी वर काढली तर तिच्या फुलावर गुलाबी टोक उभे राहिले. धाकट्याने बोट घातले. “अम्मी, हवा है! मीठी हवा!”

दादीने वास घेतला आणि नाक मुरडले. “इत्तर का बास आता.” तेही खरेच. वास कृत्रिम, गोडी टोकाची. मग आईने त्यावर उपाय काढला. तळाला तुपात भाजलेल्या शेवया, त्यावर बारीक चिरलेला खजूर, आणि वर फेस फक्त दोन चमचे. शेवयांना साखर नाही. फेसाची गोडी त्यात वाटली गेली, आणि पेल्यात खाण्यासारखे काही आले.

हिशेब असा झाला. चार पाकिटांचे १८० रुपये, लिटरभर दूध ६०, बर्फ २०, कागदी पेले ३०. एकूण २९० रुपयांत २४ पेले, म्हणजे पेल्याला बारा रुपये. शेवया, तूप आणि खजूर घरातलेच. एवढ्याच माणसांना रबडी द्यायची तर हजार रुपये कुठेच गेले नसते. गॅरेजमालकाकडची उचल घ्यावी लागली नाही.

रोजाकुशाई शुक्रवारी झाली. मुलीने पहाटे सहरीला अर्धी भाकरी आणि दही खाल्ले. दुपारी दोननंतर ती गप्प झाली. चार वाजता आईने हळूच विचारले, “तोडना है क्या बेटा?” मुलीने डोके हलवून नाही म्हटले आणि ओल्या फडक्याने तोंड पुसून पुन्हा पंख्याखाली पडली. अस्रनंतर घर भरले. मामी, खाला, गल्लीतल्या मुली, काकू आणि त्यांची नात. त्यांत एक मुलगी आजीसोबत आली होती. तिचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, कारखाना बंद होईपर्यंत परतणार नव्हते. बीड जिल्ह्यातल्या बऱ्याच गल्ल्यांत आणि वस्त्यांत हा हंगाम असाच जातो. रमजान आता त्याच महिन्यांत येतो आहे, आणि काही घरांची इफ्तार फडावरच्या पालात होते.

मशिदीत गेलेल्या ताटात खजूर, भजी, टरबूज आणि सहा पेले होते. मंडप नव्हता, देग नव्हती. रोजेदाराला इफ्तार घडवणाऱ्याला रोज्याइतकाच सवाब मिळतो, अशी श्रद्धा आहे. त्यासाठी एक खजूर आणि घोटभर पाणीही पुरते, असेच मौलवी दरवर्षी सांगतात. त्या संध्याकाळी दादीला ‘लोगां क्या बोले’ ते कळले. दोन बायकांनी पाकिटाचे नाव विचारले आणि एकीने रवी मागितली.

अजान झाली. मुलीने खजूर तोंडात घातला आणि पाणी प्यायली. मग आणखी एक ग्लास. मग टरबूज. दिवसभर ज्या पेल्यासाठी तिचा जीव अडकला होता, तो तिच्यासमोर तसाच राहिला. पोटात जागाच नव्हती. हार गळ्यात असतानाच, तरावीहची माणसे घराबाहेर पडायच्या आत, ती दादीच्या मांडीवर झोपून गेली. ऊसतोडीवाल्यांच्या मुलीने आपला पेला अर्धा खाल्ला आणि उरलेला झाकून आजीबरोबर घरी नेला.

रात्री तासभर वीज गेली. सहरीला आईने फ्रिज उघडला तेव्हा राखून ठेवलेल्या पेल्यातला डोंगर बसला होता. शेवयांवर गुलाबी साय धरल्यासारखे दिसत होते. मुलगी भांड्यांच्या आवाजाने उठून आली आणि पेला मागून घेतला. उभ्या उभ्या तिने तो खरवडून संपवला.

“कैसा था?” दादीने विचारले.

“शेवयां अच्छी थी,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या रोज्यासाठी दही-भाकरी मागितली. आईने सांगितले, आज नाही, पुढच्या शुक्रवारी.

चांद्र कालगणनेमुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०३६ च्या सुमारास तो ऑक्टोबरमध्ये येईल, बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे पिकण्याच्या दिवसांत. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा गर गार दुधात घुसळला तर त्याला पाकीट लागत नाही, रंगही नाही. दादीचे म्हणणे, तोपर्यंत काकूंची रवी परत करू नये.