पुतळ्याला एवढे पैसे का लागतात?

मंडळी, गावात पुतळा बसवायचं ठरतं. समिती होते, वर्गणी जमते आणि चार माणसं शिल्पकाराकडे जातात. तो आकडा सांगतो. पहिला प्रश्न येतो, ‘ब्राँझ किती किलो लागणार?’ दुसरा, ‘किलोला भाव काय?’ मग कोणीतरी तिथंच मोबाईलवर गुणाकार करून म्हणतो, ‘अहो, मग बाकीचे पैसे कशाचे?’ हदगाव असो, तामसा असो, हिमायतनगर असो, बोलणं इथंच अडतं. आज आपण या ‘बाकीच्या पैशांचा’ विचार करू.

माझा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळं थोडं सहन करा. आपल्या न्यायशास्त्रात घड्याचं उदाहरण नेहमी येतं. माती हे घड्याचं उपादान कारण आणि कुंभार हे निमित्त कारण. तिकडं ॲरिस्टॉटलनं चार कारणं सांगितली. वस्तू ज्या द्रव्याची होते ते द्रव्य, तिचा आकार, ती घडवणारा आणि तिचं प्रयोजन. गंमत अशी की द्रव्याचं उदाहरण देताना त्यानं पुतळ्याचं ब्राँझच घेतलं. आपण भाव करतो तेव्हा या चारांपैकी एकाच कारणाचे पैसे द्यायला तयार असतो. मातीचा भाव देऊन घडा मागायचा, असा तो प्रकार.

आता काम कसं होतं ते बघा. आधी छोटा नमुना होतो. मग लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर मातीत पूर्ण आकाराचं काम. चेहरा जमेपर्यंत माती चढते, उतरते, पुन्हा चढते. थोर पुरुषाचा पुतळा सार्वजनिक जागी बसवायचा तर या मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते. त्यांनी दुरुस्ती सुचवली की पुन्हा हात घालायचा. तोवर माती ओली ठेवावी लागते, सुकली की तडकते. मग साचा. साच्यातून मेणाची प्रत. मेणावर पुन्हा बारीक काम. त्यावर जाड लेप देऊन भट्टीत तापवायचं, म्हणजे मेण वितळून निघून जातं आणि आत पोकळी राहते. त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडं बहुतेक गनमेटल वापरतात, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के. नंतर तुकडे जोडणं, घासणं, रंग चढवणं. ओतारी वेगळा, वेल्डर वेगळा, घासणारा वेगळा. प्रत्येकाची मजुरी त्या आकड्यात असते.

उंचीचा घोळ तर समितीत हमखास होतो. ‘६ फुटाला एवढे, तर ९ फुटाला दीडपट धरा.’ नाही हो. उंची दीडपट केली की रुंदी दीडपट होते, जाडीही दीडपट होते. म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग सव्वादोनपट. पत्रा तेवढ्याच जाडीचा ठेवला तरी धातू सव्वादोनपट लागणार, आणि उंच पुतळ्याला तेवढी जाडी पुरत नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. शेताची लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट केली तर बियाणं चौपट लागतं हे त्याला माहीत असतं. पण समितीत बसला की तोच माणूस विसरतो.

जोखमीचे पैसे वेगळे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा नानासाहेब करमरकरांनी केला. १९२८ सालचं काम. सुमारे ८ टनांचा तो पुतळा मुंबईत माझगावच्या गोदीत एकसंध ओतला गेला. एकसंध म्हणजे ओतताना कुठं चूक झाली तर सगळंच गेलं. आज तुकड्यातुकड्यांनी ओततात तरी एखादा तुकडा फसतोच. तो पुन्हा ओतायचा खर्च गिऱ्हाइकाकडून नंतर मागता येत नाही, म्हणून तो आधीच धरलेला असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं. बाजारात मांडलेलं चित्र एकाला नाही आवडलं तर दुसरा घेतो. तुमच्या आजोबांचं तैलचित्र तुम्ही नाकारलं तर ते घेणार कोण? सांगून करून घेतलेल्या कामाला जगात एकच गिऱ्हाईक असतं. ते फिरलं की कलाकाराचे सहा महिने पाण्यात. म्हणून तो उचल मागतो. सालगड्याला उचल देताना आपण कुरकुर करत नाही, कलाकारानं मागितली की मात्र संशय घेतो.

अभ्यासाचा खर्चही असतो. सयाजीराव गायकवाडांनी १८८८ च्या सुमारास राजा रविवर्म्याला पुराणांवरची १४ चित्रं सांगितली, ५० हजार रुपयांना. भागून बघा, चित्रामागं साडेतीन हजारांवर. त्या काळी ही रक्कम डोळे फिरवणारी होती. पण रविवर्मा आणि त्याचा भाऊ या कामासाठी देशभर हिंडले, माणसं आणि पेहराव बघत. पुढं १८९४ मध्ये छापखाना निघाला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरात गेल्या. महाराजांनी चित्रांचे पैसे दिले, त्या अभ्यासाचं फळ आपल्या आज्यांनाही मिळालं.

इथं कायद्याची एक बाब सांगून ठेवतो, फारशी कुणाला ठाऊक नसते. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा होतो. म्हणजे चित्रकार चित्राबरोबर हा हक्कही देऊन बसतो. त्याचे पैसे त्यानं धरले तर लगेच लुटारू म्हणू नका.

स्वस्त आणि झटपटचं काय होतं? मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा आठवा. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. मान्यता ६ फुटी मातीच्या प्रतिकृतीला होती आणि पुतळा झाला ३५ फुटी, असं कला संचालनालयाकडून नंतर सांगण्यात आलं. मघाचाच हिशेब लावा. उंची सहापट जवळ गेली की पृष्ठभाग ३४ पट, आणि समुद्रावरचा वारा त्या सगळ्यावर आदळणार. आतल्या सांगाड्याचं गणित तिथं नव्यानं मांडावं लागतं. त्या गणिताचे, ते करणाऱ्या अभियंत्याचे आणि त्यासाठी थांबायचे पैसे असतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून मग शिल्पकार शोधणं ही आपली जुनी खोड आहे, आणि मला तरी ती कंजूषपणापेक्षा जास्त घातक वाटते.

एक चिठ्ठी आलीय. ‘सर, कमी दराची निविदा घ्यायचीच नाही का?’ घ्या की. पण तीन दरपत्रकं समोर ठेवून शेवटचा आकडा बघू नका. धातूचं मिश्रण कुठलं, पत्रा किती जाडीचा, आतला सांगाडा कशाचा, वाहतूक आणि चौथऱ्यावर बसवणं कोणाकडं, दुरुस्ती किती वेळा करून देणार, हे प्रत्येकात लिहून घ्या. पैसे टप्प्यांनी द्या. करार झाला की पहिला, मातीच्या कामाला मान्यता मिळाली की दुसरा, ओतकामाआधी तिसरा आणि बसवल्यावर राहिलेले. आणि मातीचं काम बघायला सगळी समिती एकदाच जा. दर रविवारी वेगळा माणूस जाऊन ‘मिशी जरा जाड करा’ म्हणाला, की दर वाढणारच.