भयगंड आणि भय

प्रश्न विचारला की काही विद्यार्थ्यांचे हात कापतात, तोंडाला कोरड पडते, येत असलेले उत्तरही घशात अडकते. विद्यार्थिदशेत माझेही असेच होई. 'भित्रा आहे' असे म्हणून आपण मोकळे होतो. हे बरोबर नाही.

धोका असेल तेथे भीती वाटणे हे शहाणपण होय. धोक्याच्या मानाने भीती अवाजवी असेल, महिनोन् महिने टिकत असेल आणि तिच्यापायी माणूस शिक्षण, नोकरी, प्रवास टाळू लागला असेल, तर तो भयगंड. टाळल्याने तेवढ्यापुरते हायसे वाटते. परंतु धोका नव्हता हे कळण्याची संधीच हुकते, आणि गंड पक्का होतो.

उपचाराची दिशा १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी दाखवली. सशाला घाबरणाऱ्या पीटर या बालकाला त्या आवडीचा खाऊ देत आणि ससा क्रमाक्रमाने जवळ आणीत. अखेर तो सशाशी खेळू लागला. पुढे १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी याची पद्धत बांधली : अंग सैल सोडायला शिकायचे, भीतीच्या पायऱ्या मांडायच्या, सर्वांत खालच्या पायरीपासून चढायचे. आजचे वर्तनोपचारही भीतीला असेच टप्प्याटप्प्याने सामोरे जायला लावतात. काहींना जोडीला औषधे लागतात.

पण पायरी चढल्यावर ज्याची भीती होती तेच घडले तर? आडनाव ऐकून वर्ग हसला, तर भीती खरी ठरते आणि उपचार उलटतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या आपल्या लोकांवर त्याच दिवशी हल्ले झाले. पाणवठ्याशी थबकणारी आपली आजी मनोरुग्ण नव्हती. तिला गाव ठाऊक होते. भीती अवाजवी आहे की नाही हे ठरवताना सामाजिक परिस्थिती पाहावी, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची २०१३ ची नियमपुस्तिकाही सांगते.

म्हणून आम्हा शिक्षकांवर दुहेरी काम येते. विद्यार्थ्याला आधी एका मित्रापुढे, मग चौघांपुढे, मग वर्गापुढे बोलते करावे. आणि हसणाऱ्यांना तेथल्या तेथे थांबवावे. तरीही भीती हटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. २०२२ पासून शासनाच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही आहे. गंड असेल तर उपचार करू. भय खरे असेल तर त्याच्या कारणाशी लढू. दोहोंची गल्लत झाली, तर आजारी माणूस उपचारावाचून राहील आणि अन्याय सोसणारा वेडा ठरेल.