गटारात काय सोडता येते?

कारखान्याचे किंवा हॉटेलचे सांडपाणी सार्वजनिक मलवाहिनीत सोडायचे, तर पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील मर्यादा पाळाव्या लागतात. सामू ५.५ ते ९, लिटरमागे बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) ३५० मिलिग्रॅमपर्यंत, तरंगते घनकण ६०० पर्यंत. तेच पाणी नदीत सोडायचे तर बीओडी फक्त ३०! मलवाहिनीच्या टोकाला शुद्धीकरण केंद्र आहे आणि ते चालू आहे, हे मलवाहिनीच्या सैल मर्यादेत गृहीत धरलेले असते.

मलवाहिनीसाठी तेल-तुपाची मर्यादा मात्र लिटरमागे अवघी २० मिलिग्रॅम, आणि ती योग्यच आहे. गरम पाण्याबरोबर मोरीतून गेलेले वनस्पती तूप चेंबरच्या गार भिंतीवर थिजते, त्यावर भात, चहाचा चोथा चिकटत जातो आणि मैला रस्त्यावर येतो. तेल-तूप अडवणारा ग्रीस ट्रॅप नुसता बसवून भागत नाही, तो वेळच्या वेळी उपसावा लागतो. तुंबलेल्या वाहिनीत सुरक्षा साधनांविना माणूस उतरवणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही सफाई कामगार आत गुदमरून मरतात, हे संतापजनक आहे.

मुंबईत पावसाळी गटारे मलवाहिन्यांपासून वेगळी आहेत. त्यांतले पाणी प्रक्रियेविना नाल्यातून खाडीला, समुद्राला मिळते. संडासाची जोडणी तिथे दिली, की मैलाही त्याच वाटेने जातो.