पडणारा थेंब आणि समान बलें

आषाढांत ओटीवर बसून पाऊस पाहतांना एक प्रश्न घरांतील मुलांस अवश्य विचारावा. एक किलोमीटर उंचीवरील ढगांतून निघालेला थेंब मधें हवा नसतां पडता, तर जमिनीस पोंचतांना त्याचा वेग दर सेकंदास सुमारें 140 मीटर झाला असता. अशा माऱ्यापुढें भाताचीं कोवळीं रोपें टिकलीं नसतीं. छत्री घेऊन बाहेर पडण्याचें धाडसही कोणीं केलें नसतें. प्रत्यक्षांत दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब दर सेकंदास साडेसहा मीटरच उतरतो. मग उरलेला वेग कोणीं गिळला?

गिळला तो हवेनें. थेंबास खालीं ओढणारें वजन बदलत नाहीं. वर रेटणारा हवेचा विरोध मात्र वेगाबरोबर वाढतो. (हवेचा प्लावक रेटाही असतो, पण तो वजनाच्या सुमारें आठशेंव्या हिश्श्याइतका, तूर्त सोडून देऊं.) वाढतां वाढतां विरोध वजनाइतका झाला, कीं वेगाची वाढ खुंटते. यासच अंत्य वेग म्हणतात.

येथें चांगले शिकलेले लोकही अडखळतात. ‘थेंब पडतो आहे, त्याअर्थीं वजन थोडें तरी अधिक असलेंच पाहिजे,’ हें उत्तर मीं वर्गांत किती वेळां ऐकलें याची गणती नाहीं. तें चूक आहे. वजन तिळभर जरी अधिक असतें, तर वेग वाढतच राहिला असता. बलाचें काम गति टिकविणें नव्हे, गति पालटणें होय. न्यूटननें 1687 सालीं प्रसिद्ध केलेला पहिला नियम तो हाच. बलें समान झालीं म्हणजे थेंब थांबत नाहीं. आहे त्या वेगानें पडत राहतो.

याहून कौतुकाचा प्रकार हवाई छत्रीचा. पोटावर आडव्या पडणाऱ्या माणसाचा अंत्य वेग दर सेकंदास 55 मीटरांच्या आसपास असतो. छत्री उघडतांच विरोध वजनाहून पुष्कळ अधिक होतो. एकूण बल वरच्या दिशेस लागतें, तरीही माणूस खालींच येत असतो, मात्र मंदावत. वेग उतरतो तसा विरोधही उतरतो, आणि पांच-सहा मीटरांपाशीं तो पुन्हां वजनाशीं जुळतो. चित्रफितींत तो वर झेपावल्यासारखा दिसतो, याचें कारण चित्रण करणारा सोबती पूर्वींच्याच वेगानें खालीं जात असतो.

हवा विरळ असेल तर ही जुळणी फार मोठ्या वेगास होते. 16 ऑगस्ट 1960 रोजीं अमेरिकेच्या जोसेफ किटिंगर यांनीं 31 किलोमीटरांवरून उडी घेतली, तेव्हां त्यांचा वेग ताशीं 980 किलोमीटरांवर गेला. आणि खालची हवा दाट होत गेली तसे ते मुख्य छत्री उघडण्यापूर्वींच मंदावूं लागले.