क्रॅनबेरी आणि करवंद : परभणीच्या परसात

उत्तर अमेरिकेतील क्रॅनबेरी परभणीच्या परसबागेत वाढेल काय, या प्रश्नाचे उत्तर झाडापेक्षा मातीकडे पाहून देणे सोयीचे. क्रॅनबेरी ही तिकडील दलदलीत पसरणारी सरपटती वनस्पती; तिला ४ ते ५.५ सामूची आम्लधर्मी जमीन व दीर्घ हिवाळा लागतो. परभणीची काळी जमीन बेसाल्टपासून झालेली, चुनायुक्त व अल्कधर्मी आहे, उन्हाळाही कडक. कुंडीत आम्ल माती भरता येईल. हिवाळा कोठून आणावयाचा?

तथापि बाजारात ‘क्रॅनबेरी’ म्हणून जे रोप किंवा जो सुका मेवा मिळतो, तो कित्येकदा करवंदाचाच असतो. हा घोटाळा केवळ शब्दापुरता राहत नाही. करवंद कण्हेरीच्या कुळातील, तर क्रॅनबेरी ऱ्होडोडेंड्रॉनच्या. नावावर विसंबून करवंदाच्या आळ्यात पाणी तुंबविणारा ते झाड गमावतो. मूत्रविकारांच्या संदर्भात क्रॅनबेरीचे जे संशोधन झाले, त्याचे श्रेय करवंदाच्या पदरात टाकणे तर अधिकच अनुचित होय.

नामसाम्यही आभासीच आहे. संस्कृत ‘करमर्द’, प्राकृत ‘करमद्द’, मराठी ‘करवंद’ असा क्रम दिसतो. दोन स्वरांमधील ‘म’चा मराठीत ‘व’ होतो, जसे ग्राम–गाव, नाम–नाव. त्याची नासिक्यता पुढे सरकून ‘द’च्या आधी स्थिरावली, असे मानता येते. गुजराती ‘करमदां’मध्ये ‘म’ शाबूत आहे. ‘क्रॅनबेरी’तील पहिला अवयव मात्र जर्मानिक असून त्याचा अर्थ ‘क्रौंच पक्षी’ असा आहे. फुलाचा वाकलेला देठ व चोच यांवरून हे नाव पडले, असे सांगतात. ‘डोंगरची काळी मैना’ या हाळीत मराठी माणसानेही करवंदात पक्षीच पाहिला, हा योगायोग मौजेचा खरा.

करवंदाच्या बियांची उगवणशक्ती अल्पकाळ टिकते. म्हणून पिकल्या फळातून काढलेले बी लगेच पेरावे. रोपे पुढील पावसाळ्यात, कुंपणासाठी सुमारे तीन फुटांवर लावावीत. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, यास्तव खड्ड्यात मुरूम व शेणखत मिसळून जागा किंचित उंच करावी. पहिले एक-दोन उन्हाळे पाणी द्यावे. पुढे झाड अवर्षणास दाद देत नाही. साधारणतः तिसऱ्या वर्षापासून फळे येऊ लागतात. काटे तीक्ष्ण असल्यामुळे पायवाटेलगत लागवड टाळावी. कच्ची फळे लोणच्यास उत्तम. अर्धवट पिकलेल्यांत पेक्टिन भरपूर असल्याने जेली सहज जमते.