मुठीतला क्रूस

वसईच्या ख्रिस्ती घरांतून क्रूस भिंतीवर असतोच. पण आजाऱ्याच्या मुठीत द्यायचा क्रूस निराळा घडवावा लागतो. सलग फळीतून कापलात, तर आडव्या हातांत लाकडाच्या रेषा आखूड पडतात आणि ते मोडतात. प्लायवूडचे पापुद्रे एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले. म्हणून चारी हातांना बळ मिळते.

बारीक दातांच्या करवतीने आखणीबाहेरून कापा. कानस वरून गाभ्याकडे चालवून कडा गोलवा. उलट चालवलीत की पापुद्रा सुटलाच! मग काचकागद: ८०, १२०, शेवटी १८० नंबरचा, रेषांच्या दिशेनेच. वरचा पापुद्रा फार पातळ. झिजला की परत येत नाही.

शेवटी डोळे मिटून बोट फिरवा. तुम्हाला टोचले, तर आजाऱ्यालाही टोचेल.